गाडी उभी, ब्रेक ऑइल म्हातारं

“सर, गाडी वर्षाकाठी तीन हजार किलोमीटरसुद्धा चालत नाही. ब्रेक ऑइल कशाला बदलायचं?”

जुनी गाडी बाळगणारा माणूस हा प्रश्न मला हमखास विचारतो. जालना जिल्ह्यात अशा गाड्या गावोगाव आहेत. घरचा कर्ता माणूस मोटरसायकलवर फिरतो, मोसंबी पिकअपमधून मोंढ्यावर जाते आणि एमएच-२१ पाटीची मारुती आठशे किंवा ओम्नी पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असते. लग्नकार्य, दवाखाना, अंगारकीला राजूरचा गणपती, कधीतरी पंढरपूर, एवढ्यापुरती ती बाहेर निघते. इंजिन ऑइल किलोमीटरवर बदलायची आपल्याला सवय; तोच हिशेब लोक ब्रेकलाही लावतात आणि तिथंच फसतात. ब्रेक ऑइल खराब होतं ते मुख्यतः दिवस गेल्यामुळे. गाडी उभी असली तरी त्याचं वय वाढतच असतं. उलट जी गाडी कमी चालते तिचंच ऑइल बहुधा सर्वांत जुनं निघतं, कारण ती मिस्त्रीकडे जातच नाही.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो. निवृत्त झाल्यावर अंबड तालुक्यात घरी राहतो आणि २००४ सालची एक मारुती आठशे सांभाळतो. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर आरटीओत तिच्या नोंदणीचं रीतसर नूतनीकरण करून घेतलं. जालन्याच्या एमआयडीसीतल्या स्टीलच्या भट्ट्यांना भंगार कायम लागतं. माझ्या गाडीचा तिथला नंबर जरा लांबावा अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी रंग गेला तरी चालेल, एसी नसला तरी चालेल, ब्रेकला मात्र सवलत नाही. ब्रेक ऑइल बदलण्याचं काम दोन माणसांना दुपारभरात घरी करता येतं. ते कसं करायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कधी करायचं नाही, हे सांगायचा हा प्रयत्न.

पायाचा जोर चाकापर्यंत

वर्गात मी ब्रेक शिकवायचो तो दोन सिरिंजवर. एक बारीक, एक जाड, दोन्हींत पाणी आणि मधे सलाईनची नळी. बारीक सिरिंजचा दट्ट्या दाबला की जाड सिरिंजचा वर येतो. येतो थोडाच, पण अंगठ्यानं आवरत नाही इतक्या जोरानं. मग एखाद्या पोराला सांगायचो, “आता नळीत जरा हवा जाऊ दे आणि पुन्हा दाब.” बारीक दट्ट्या निम्मा आत जातो आणि पलीकडचा जागचा हलत नाही. द्रव दबत नाही, हवा दबते. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये समजून घ्यायचं ते मुख्यतः एवढंच.

बंदिस्त द्रवाला एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा ब्लेझ पास्कलचा नियम. त्याचं त्यावरचं लेखन त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली छापलं गेलं. हे तत्त्व मोटारीच्या चाकापर्यंत यायला विसावं शतक उजाडलं. माल्कम लॉगहेड या अमेरिकनानं १९१७च्या सुमारास हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट मिळवलं. विमानांमुळे जगभर माहीत झालेलं लॉकहीड हे नाव त्याच घराण्याचं. १९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए या मोटारीला चारही चाकांना असे ब्रेक होते. त्या काळात ब्रेकच्या नळ्यांत एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण भरत. रबराला एरंडेल बाधत नाही आणि अल्कोहोलनं ते पातळ राहतं, असा त्यामागचा विचार.

आकड्यांत पाहू. समजा, तुम्ही पायडलवर २० किलोचा जोर दिला. पायडल ही तरफ आहे. ती पाचपट करते असं धरलं तर पायडलमागच्या मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर १०० किलो पडतात. त्या पिस्टनचं क्षेत्रफळ ३ चौरस सेंटीमीटर असेल तर ऑइलमध्ये दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३३ किलोचा दाब तयार होतो. पुढच्या चाकातल्या कॅलिपरचा पिस्टन १८ चौरस सेंटीमीटरचा धरा. तिथं हाच दाब ६०० किलोंचा जोर होऊन पॅडला डिस्कवर आवळतो. वीस किलोंचे सहाशे झाले, आणि मधे फक्त बोटभर जाडीच्याही नसलेल्या नळीतलं ऑइल. त्यात हवेचा किंवा वाफेचा बुडबुडा असेल तर तुमचा पाय चाक दाबत नाही, तो बुडबुडाच दाबत बसतो.

पाणी येतं कुठून?

ब्रेक ऑइल ग्लायकॉल ईथर वर्गातल्या रसायनांपासून बनतं. डिझेल किंवा इंजिन ऑइलशी त्याचं नातं नाही. पावसाळ्यात बरणीतलं मीठ जसं हवेतली ओल ओढतं, तसंच हेही ओढतं. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणाला हवा जाण्यासाठी बारीक छिद्र किंवा फट असते, तिथून ओल शिरते. चाकाजवळच्या लवचीक रबरी नळ्यांमधूनही ती अगदी हळूहळू झिरपते. गाडी चालो की उभी राहो, जून ते सप्टेंबरची दमट हवा तिला लागतेच.

पाणी शिरल्यानं बिघडतं काय, ते बाटलीवरच्या ‘डॉट’ या दर्जामागच्या आकड्यांवरून कळतं. डॉट ३ चं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळलं की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. अर्ध्या लिटरमध्ये ३.७ टक्के म्हणजे साडेअठरा मिलिलिटर, चहाचे चार चमचेसुद्धा नाहीत. एवढ्यानं डॉट ३ चे ६५ अंश गेले.

एरवीच्या वापरात ऑइल १४० अंशांपर्यंत तापत नाही, म्हणून वर्षानुवर्षं काही बिघडल्याचं जाणवतही नाही. प्रश्न येतो घाटात. चार माणसं बसलेली मारुती आठशे साधारण ९०० किलो धरा. ताशी ८० किलोमीटर वेगावरून ती थांबवताना ब्रेकमध्ये सव्वादोन लाख ज्यूलच्या आसपास उष्णता तयार होते. एवढ्यात ३० अंशांचं पाऊण लिटर पाणी उकळीला येईल. आता भोकरदन-सिल्लोडकडून अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरला जा, किंवा कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला. उतरलेल्या दर १०० मीटर उंचीमागे जवळजवळ तीन लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता कुठंतरी जिरवावी लागते. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिन त्यातला मोठा वाटा उचलतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल केली असेल तर सगळा भार ब्रेकवर येतो, आणि त्यातही जास्त पुढच्या दोन चाकांवर.

अशा वेळी चाकाजवळच्या ऑइलमधलं पाणी उकळून वाफ होते. पायडल दाबलेलं असेपर्यंत दाबामुळे उकळी आवरलेली असते. पाय उचलला की दाब उतरतो आणि वाफ धरते. पुढच्या वळणावर पाय टाकावा तर पायडल थेट तळाला. गाडी पायथ्याला थांबून तासाभरात निवली की वाफेचं पुन्हा पाणी होतं, पायडल पहिल्यासारखं कडक लागतं आणि मिस्त्रीला तपासणीत काही सापडत नाही. ब्रेक ‘आपोआप’ गेले आणि ‘आपोआप’ आले, अशा गोष्टी ऐकू येतात त्यांतल्या अनेकींमागे हे कारण असू शकतं.

समृद्धी महामार्गानं आणखी एक भर घातली आहे. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि तो जालन्याजवळून जातो. साठच्या वर कधी न गेलेल्या गाड्या तिथं सहज शंभर गाठतात. उष्णता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साठऐवजी शंभरवरून थांबायचं तर ब्रेकला पावणेतीन पटीहून जास्त उष्णता सोसावी लागते.

पाण्याचं दुसरं नुकसान सावकाश होतं. ते सिलिंडर आतून गंजवतं. गंजाचे खड्डे पडले की त्यावरून फिरणारे रबरी कप कापले जातात. गाडी कमी फिरत असेल तर कप एकाच जागी बसून राहतात आणि पुढचा भाग गंजत जातो. बऱ्याच कंपन्या दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर, जे आधी येईल ते, अशी मुदत देतात. आपल्याकडच्या उभ्या गाड्यांसाठी त्यातली दोन वर्षं तेवढी लक्षात ठेवावीत.

पाना हातात घेण्याआधी

पहिल्यांदा झाकण वाचा. डॉट ३ की डॉट ४, हे टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, दोन्ही एकमेकांत मिसळतात. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं. ते यांच्यात मिसळत नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका. डॉट ५.१ हे नाव त्याच्या जवळचं असलं तरी ते ग्लायकॉलचंच आहे. अगदी जुन्या, मुळात नैसर्गिक रबराचे कप असलेल्या गाड्यांची बाब वेगळी. तिथं जाणकाराला विचारल्याशिवाय काही ओतू नये.

दुसरं, टाकीतलं थोडं ऑइल सिरिंजनं काढून काचेच्या ग्लासातल्या पाण्यात सोडा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. वर तवंग तरंगला तर समजा की कोणीतरी कधीतरी त्यात इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल टाकलेलं आहे. मग नुसतं ऑइल बदलून भागत नाही. खनिज तेलानं ब्रेकचे रबर फुगतात. मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंतचे कप आणि नळ्या बदलाव्या लागतात. अशी गाडी चालवत न नेता ओढून गॅरेजला न्यावी.

तिसरं, इंजिन बंद ठेवून पायडल चार-पाच वेळा दाबा आणि मग एकसारखा जोर देऊन अर्धा मिनिट धरून ठेवा. ते हळूहळू खाली सरकत असेल तर बाहेर कुठं गळती आहे का पाहा: चाकांच्या आतल्या बाजूला ओल, रबरी नळ्यांना भेगा, मास्टर सिलिंडरखाली पाघळ. बाहेर काहीच दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरमधले कप आतल्या आत दाब सोडत असतात. दोन्ही परिस्थितींत आधी दुरुस्ती, मग ऑइल.

टाकीतली पातळी खाली गेली म्हणजे गळतीच, असंही नाही. डिस्कचे पॅड झिजत जातात तसा कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्यामागे ऑइल भरतं, म्हणून टाकीत ते कमी दिसतं. पॅड न पाहता वरून ऑइल ओतत राहणं म्हणजे गाडी देत असलेली सूचना पुसून टाकणं. शिवाय वरून ओतलेलं नवं ऑइल टाकीतच राहतं. घाटात तापतं ते चाकाजवळचं, जुनंच.

आणखी एक मर्यादा. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. एबीएस असलेल्या काही गाड्यांत त्याच्या पंपातली हवा काढायला गॅरेजमधलं स्कॅनर लागतं. पुढची कृती जुन्या, साध्या ब्रेकच्या गाड्यांसाठी आहे.

जीपवाल्यांसाठीही सांगतो. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीस जीप जोडायला सुरुवात केली. त्या घराण्यातल्या जुन्या जीपना मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, तळाच्या पत्र्याच्या खाली असतो. तिथं चिखल-धूळ साचलेली असते. झाकण उघडण्याआधी तो भाग स्वच्छ केला नाही तर सगळी माती सिलिंडरमध्ये पडेल. शिवाय या जुन्या जीपना चारही चाकांचा मिळून एकच सर्किट असतो. एका चाकाला गळती लागली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. नंतरच्या गाड्यांत दोन स्वतंत्र सर्किट आले, त्यामुळे एक गेला तरी दुसरा निदान गाडी थांबवतो.

प्रत्यक्ष काम

सामान फार नाही. सीलबंद ब्रेक ऑइल: लहान गाडीला अर्धा लिटर कसंबसं पुरतं, म्हणून अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या आणा आणि दुसरी लागली तरच फोडा. चाकाजवळच्या, ऑइल काढायच्या निपलच्या मापाचा रिंग पाना, बहुधा आठचा किंवा दहाचा. फिक्स पान्यानं निपलचे कोपरे गोल होतात, रिंगच हवा. निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी. सलाईनची नळी छान बसते. प्लास्टिकची रिकामी बाटली. मोठी सिरिंज, जनावरांचे डॉक्टर वापरतात तेवढी. जॅक आणि स्टँड. गंज सोडवणारा स्प्रे, सुती फडकी, साबणाचं पाणी, रबरी हातमोजे आणि चष्मा.

काम पावसाच्या दिवसांत काढू नका. होळीच्या आसपास हवा कोरडी असते आणि पुढं उन्हाळ्यातला प्रवास असतो, मला तो काळ सोयीचा वाटतो.

गाडी सपाट आणि टणक जागी लावा. आपल्या काळ्या जमिनीत जॅक एका बाजूला रुततो, म्हणून त्याखाली जाड फळी हवी. जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. चाकाचे नट गाडी उचलण्याआधी सैल करा. गाडी उचलली की लगेच स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. ड्रमजवळची धूळ तोंडानं किंवा पंपानं उडवू नका, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा.

चारही निपलवर आदल्या दिवशी स्प्रे मारून ठेवा. रबरी टोपी नसलेला निपल गंजून सिलिंडरशी एकजीव झालेला असतो. पाना लावून दोन्ही दिशांना अगदी थोडं हलवत तो सुटतो का पाहा. सुटत नसेल तर तिथंच थांबा आणि मिस्त्रीला बोलवा. निपल तुटला तर सिलिंडर बदलण्याचा खर्च येतो. जोर लावून काही साधत नाही.

आता टाकी. झाकण आणि आजूबाजूचा भाग पुसून घ्या. सिरिंजनं जुनं ऑइल जमेल तेवढं काढा. ते काळपट तपकिरी दिसेल, तळाशी गाळही असेल. नव्या ऑइलनं टाकी भरा आणि झाकण नुसतं वर ठेवा. ही पायरी गाळली तर टाकीतली सगळी घाण नळ्यांमधून चाकांपर्यंत जाईल.

सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकानं करायची. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून क्रम साधारणपणे असा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काही गाड्यांत क्रम वेगळा असतो आणि काहींत मागच्या दोन चाकांना मिळून एकच निपल असतो. पुस्तिका सांगेल तेच खरं.

निपलवर आधी पाना बसवा, मग नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीत थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडलेलं असू द्या, म्हणजे परत हवा ओढली जाणार नाही. पायडलवर दुसरं माणूस लागतं. आमच्याकडे तिथं बायको बसते. या कामात बोलणं ठरलेलं असतं आणि त्यात एक शब्दही इकडचा तिकडे करायचा नसतो.

“दाब.”

“दाबलं. धरलंय.”

मी निपल पाव फेरा सैल करतो. नळीतून ऑइल बाटलीत जातं.

“गेलं खाली. सोडू का?”

“थांब.” मी निपल आवळतो. “आता सोड.”

तिचा तो ‘सोडू का’ हा प्रश्न सर्वांत मोलाचा. निपल उघडा असताना पाय उचलला तर पायडल वर येता येता चाकाकडूनच हवा आत ओढली जाते, आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. सोडणंही सावकाश हवं. भराभर पंप मारला की ऑइलला फेस येतो आणि बारीक बुडबुडे निघता निघत नाहीत.

जुन्या गाडीसाठी एक खास काळजी. पायडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते पार तळापर्यंत जाणार नाही. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन पुढच्या टोकापर्यंत जात नाही, त्यामुळे तो भाग गंजून खरबरीत झालेला असतो. कप तिथं घासले की आदल्या दिवसापर्यंत ठणठणीत असलेला मास्टर सिलिंडर दुसऱ्या दिवशी दाब सोडायला लागतो. अनेक गॅरेजांतसुद्धा हा ठोकळा कोणी ठेवत नाही.

नळीतलं ऑइल काळपटाचं पिवळसर, मग जवळजवळ पाण्यासारखं स्वच्छ होईपर्यंत आणि एकही बुडबुडा दिसत नाही तोवर दाब-सोड चालू ठेवायची. लांबच्या चाकाला जास्त वेळ लागतो, जवळच्याला कमी. दर सहा-सात वेळा दाबल्यावर टाकीकडे पाहा. टाकी रिकामी झाली तर मास्टर सिलिंडरमध्ये हवा शिरते आणि मग श्रीगणेशा पुन्हा. निपल आवळताना तो पोकळ असतो हे विसरू नका. बेताचा जोर पुरतो. वर रबरी टोपी बसवा, तीच त्याला गंजापासून वाचवते.

घरात दुसरं माणूस नसेल तर निपल सैल करून, नळी बाटलीत सोडून ऑइल आपोआप ठिबकू देता येतं. वेळ जास्त लागतो, पण पायडलला हात लावावा लागत नाही. टाकीवर मात्र सतत लक्ष हवं.

सगळं झाल्यावर टाकी ‘मॅक्स’ खुणेपर्यंत भरा, वर नको. इंजिन बंद ठेवून पायडल दाबा; ते अर्ध्यातच कडक लागायला हवं. धरून ठेवा, सरकता कामा नये. तसंच दाबून ठेवून इंजिन चालू करा. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) असलेल्या गाडीत पायडल किंचित खाली जाईल, ते योग्यच आहे. मग चारही निपल कोरडे आहेत का बघा, चाकं बसवा, नट गाडी जमिनीवर आल्यावर पक्के आवळा आणि मोकळ्या वाटेवर ताशी दहा किलोमीटरनं चालवून ब्रेक पाहा. पायडल स्पंजसारखं दबत असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल तर रस्त्यावर नेऊ नका.

काढलेल्या ऑइलचं काय?

ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर काही वेळात रंग उचलतं. फडक्यानं चोळू नका, लगेच साबणाचं पाणी भरपूर ओता. ते पाण्यात विरघळतं हा इथं फायदा. डोळ्यांत उडालं तर बराच वेळ पाण्यानं धुऊन डॉक्टरकडे जा.

काढलेलं ऑइल नालीत, उकिरड्यावर किंवा बांधावर ओतू नये. त्यातली ग्लायकॉल रसायनं विषारी आहेत, आणि या वर्गातली काही चवीला गोडसर असतात, त्यामुळे कुत्री-जनावरं चाटू शकतात. यांपैकी डायएथिलीन ग्लायकॉल किती घातक आहे ते महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ते मिसळलेलं भेसळयुक्त ग्लिसरीन दिलं गेल्यानं १४ रुग्ण दगावले आणि त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. तेव्हा काढलेलं ऑइल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत, ओळखू येणार नाही असं ठेवू नका. बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहा, पोरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा आणि जळकं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला वेगळी म्हणून द्या.

फोडलेल्या बाटलीत उरलेलं नवं ऑइलही पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. बूच कितीही घट्ट लावलं तरी आतल्या हवेची ओल ते ओढणारच. काही शे रुपयांची बचत करून दोन वर्षांनी ओलं ऑइल गाडीत भरायचं, हा व्यवहार तोट्याचा.

घरी जमत नसेल तर

तरीही बदलाच, फक्त मिस्त्रीकडून. चार गोष्टी सांभाळा. बाटली तुमच्यासमोर फोडायला सांगा. चारही चाकांतून ऑइल काढायला सांगा, नुसतं टाकीत भरून घेऊ नका. पायडलखाली ठोकळा ठेवायची आठवण करा. आणि काम झाल्यावर कागदी चिकटपट्टीवर तारीख आणि डॉटचा आकडा लिहून ती बॉनेटच्या आतल्या बाजूला लावा. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानंही किलोमीटरचा काटा पाहून झाला की ही पट्टी शोधावी. ती नसेल तर ऑइल जुनं आहे असंच धरून चालावं.

आमच्या बॉनेटवरच्या पट्टीनुसार येत्या होळीला मुदत भरते. या खेपेला पाना बायकोच्या हातात आणि पायडलवर मी, असं ठरलंय. तिचं म्हणणं, “दाब-सोड ऐकून ऐकून मला तोंडपाठ झालंय, आता जरा तुम्ही ऐका.” एका अटीवर मी कबूल झालो: मी ‘सोडू का’ विचारल्यावर उत्तर मिळेपर्यंत पाय हलवणार नाही, आणि तिनं निपल आवळल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही.